मुकुटाचं माप

गायधन्यांची केतकी दुकानात आली,
तांबट आळीत, ऐन दुपारी, सगळ्या हातोड्या चालू असताना,
आणि ओरडून म्हणाली, काका, मुकुट हवाय.
कोणत्या देवाचा?
देवाचा नाही. स्पेनच्या राजाचा, साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या.
नाटकात तो पडणार आहे,
आणि पडलेला शेवटच्या रांगेत ऐकू आला पाहिजे.

मुकुट मी केले होते,
दिंडोरीकडच्या एका भैरोबाला, ओझरच्या एका खंडोबाला.
पडावा म्हणून घडवायचा हा पहिलाच.

ती गोष्ट सांगत होती, मी पत्रा मठारत होतो.
कॅस्टील नावाचं राज्य. राजा होता, पण सरदार भारी.
एकाला गढी दिली की दुसरा रुसायचा,
दुसऱ्याला मिठाचा कर दिला की पहिला घोडे मोजायला लागायचा.
देता देता राजाकडे उरलं काय, तर देण्याची सवय.
शेवटी आवीला गावाच्या तटाबाहेर, माळावर,
त्यांनी मचाण बांधलं, वर खुर्ची ठेवली,
खुर्चीत राजाचा बाहुला, काळ्या कपड्यांत.
आरोप वाचले. बाहुला ऐकत राहिला.
मोठ्या धर्मगुरूने मुकुट काढला,
एका सरदाराने तलवार, दुसऱ्याने दंड,
आणखी एकाने शिवी घालून खाली ढकलून दिला.

आणि खरा राजा?
तो दुसऱ्या गावी होता, काका. जेवत असेल.

मला हसू आलं, मग विरलं.
आमच्या संघाच्या सभेत अध्यक्षांची खुर्ची
अशीच उचलून बाहेर ओट्यावर ठेवली होती,
अध्यक्ष घरी, तापाने फणफणलेले.
तिच्यावर आता मांजर झोपतं.

तांबं ठोकत गेलं की ताठतं. आणखी ठोकलं की चिरतं.
मग लाल करायचं, पाण्यात टाकायचं, मऊ पडतं.
लोखंडाच्या उलट.
केतकी म्हणाली, हे वाक्य नाटकात घालू?
मी म्हटलं, नको, दुकानातच राहू दे.

माप बघायला तालमीला गेलो.
बाहुल्याचं डोकं कळशीएवढं.
त्याला ढकलल्यावर तोच मुकुट एका पोराला घालायचा,
राजाचा सावत्र भाऊ, अकरा वर्षांचा,
ज्याला बसवून सरदार जयजयकार करणार.
पगाऱ्यांचा ओजस, सहावी ब.
मुकुट भुवयांवर आला, तिथून नाकावर.
मी आतून जुन्या धोतराची पट्टी शिवली.
तेवढ्यात त्याने हळूच विचारलं,
काका, याचं पुढे काय होतं?
केतकी दिव्याच्या वायरी सोडवत होती, तिकडूनच म्हणाली,
तीन वर्षांनी मरतो. चौदा वर्षांचा असताना.
पोरगा मानही हलवेना.
मुकुट घसरेल म्हणून असेल.

प्रयोग झाला, तिसरा नंबर आला.
मुकुट पडला तेव्हा शेवटच्या रांगेत मी दचकलो,
आवाज माझ्याच हातचा असून.
ठरलेल्या पैशांतले निम्मे मिळाले,
मुकुट परत आला, एका टोकाला पोचा पडलेला.

खुंटीवर लटकला होता, तीन पावसाळे.
परवा सायकल भिंतीला टेकवून एक उंच पोरगा आत आला,
ओठावर मिशी की मळ, कळत नव्हतं.
विचारलं नाही काही, मुकुट काढला,
आतली पट्टी उसवून खिशात टाकली,
डोक्यावर ठेवून परातीत बघितलं.
बरोबर बसला.
ओजस ना तू? किती वर्षांचा झालास?
चौदा.

मी हात पुढे करून काढून घेतला,
भट्टीत ठेवला, लाल होईस्तोवर भाता मारला,
बादलीत बुडवला. एवढंसं चर्र झालं.
कात्रीने टोकं छाटायला घेतली.
काका, हे काय?
फुलपात्र होईल याचं. आईला सांग.
तयार झालं तरी लगेच न्यायला येऊ नकोस.
पंधरा पूर्ण झाली की ये.